तिसरा साचा

काटेबाईंचा शून्यावरही विश्वास नव्हता. दुकानात शिरल्या की आधी त्या रिकाम्या काट्याकडे बघत. काटा बिचारा इमानदारीत शून्य दाखवत असला तरी त्याला उचलून, खाली चुंबक चिकटवलेलं नाही ना, पारड्याच्या पोटाशी मेण लावलेलं नाही ना, हे बोटांनी चाचपत. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून अर्धं आयुष्य गेलं की माणसाचं असं होतं म्हणतात. पण त्यांच्या धाकट्या बहिणीला विचाराल तर ती सांगेल, की ताई पाळण्यातही दुधाची बाटली उजेडाकडे धरून बघत असणार. बाजारात त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी त्या दिसल्या की "काटेबाई आल्या" एवढा निरोप एका दुकानातून दुसऱ्या दुकानात पोचायचा आणि सगळा बाजार तेवढ्यापुरता सज्जन व्हायचा.

अशा बाईंनी एके दिवशी जेवताना जाहीर केलं, की मला समुद्राच्या तळाशी जायचं आहे.

"तळाशी म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"तळाशी म्हणजे तळाशी. पाठीवर हवेची टाकी बांधून जातात ना लोक, स्कूबा का काय ते, तसं. आयुष्यभर वजनंच बघितली मी. आता जिथे कशालाच वजन नसतं तिथे जाऊन बघायचंय."

दुसरा एखादा नवरा हसला असता. हे हसले नाहीत. ताट बाजूला सारून त्यांनी तिथल्या तिथे विचारलं, "कुठलं बेट?"

नवरा कवळ्या बनवायचा. घराच्या मागच्या खोलीत त्यांचा कारखाना होता. तिथे मेणाचा आणि प्लास्टरचा वास कायमचा मुक्कामाला असे, आणि फळीवर ओळीने लोकांच्या दातांचे पांढरे साचे मांडलेले असत. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप पाठवत, त्यावरून हे साचा ओतत आणि साच्यावरून दात घडवत. गावातली निम्मी म्हातारी माणसं कवळीवाल्यांच्या दातांनी हसत होती. आणि माणूस असा दिलदार, की पावसात निघाले तर जाताना छत्री घेऊन जात आणि येताना भिजून येत. मधल्या वाटेवर कुणीतरी भेटलेलं असायचंच. काटेबाई यावरून त्यांना बोल लावत, पण मनातून त्यांना या एका गोष्टीचा गर्व होता. साऱ्या जगात एकच काटा त्यांनी कधी उलटा करून पाहिला नव्हता, तो हा.

मग बेत सुरू झाला. जेवणाच्या टेबलावर कायमचा नकाशा पसरला गेला. तीन बेटांपैकी कुठलं, यावर खडाजंगी झाली. एकावर प्रवाळ अगदी किनाऱ्याला लागून होतं, पण तिथे गर्दी. दुसऱ्यावर जायला मोठ्या बोटीतून छोट्या बोटीत उतरावं लागे, आणि कवळीवाल्यांना नुसतं बोटीचं चित्र बघूनच मळमळायचं. शेवटी तिसरं ठरलं, कारण तिथल्या पाण्यात म्हणे कासवं माणसाच्या शेजारून जातात आणि ढुंकूनही बघत नाहीत. वारा कधी पडतो, पाणी कधी निवळतं, सगळं चौकशी करून ठरलं. कवळीवाल्यांनी माशांची चित्रं भिंतीवर डकवली आणि दाढी करता करता त्यांची नावं पाठ केली.

"टाकी, पट्टे, पायात घालायचे पंख, सगळं तिकडे भाड्याने मिळेल," ते म्हणाले, "पण तोंडात धरायचा रबरी तुकडा आपला आपण न्यायचा. तो माउथपीस आजवर कुणाकुणाच्या तोंडात गेला असेल, आणि तो तू दाताखाली धरणार? मी जिवंत असताना?"

त्यांनी दोघांच्या दातांची मापं घेतली, साचे ओतले, आणि त्यावरून दोन माउथपीस घडवले. काटेबाईंनी आपला तोंडात धरून बघितला. प्रत्येक दात आपापल्या घरात जाऊन बसला. तीस वर्षांच्या संसारात इतकी नेमकी बसणारी वस्तू कुणी त्यांना दिली नव्हती.

शिकवणी गावातल्या तलावावर होती. तलाव म्हणजे निळ्या फरशीचा पोहण्याचा हौद, एका टोकाला छातीएवढा आणि दुसऱ्या टोकाला दोन पुरुष खोल. शिकवणारी बाई तिशीतली होती. केस कापलेले, गळ्यात शिट्टी, बोलणं मोजकं आणि हसण्याचं तर नावच नको. सगळे तिला कोच म्हणत. पहिल्याच दिवशी कोचने कंबरेला बांधायच्या पट्ट्यातली शिशाची वजनं पुढे ठेवली, आणि काटेबाईंनी पिशवीतून स्वतःचा काटा काढला. एक वजन शिक्क्यावरच्या आकड्यापेक्षा हलकं निघालं. कोचने काटेबाईंकडे एकवार बघितलं, ते वजन उचलून कोपऱ्यात फेकलं आणि म्हणाली, "चला. तुमच्यासारख्यांना पाण्यात भीती वाटत नाही. तुमचा त्रास वेगळाच असतो."

काय त्रास, ते तिने सांगितलं नाही.

पाण्याखाली बोलता येत नाही, त्यामुळे सगळं हाताच्या खुणांवर. आणि दुसरा नियम असा, की कुणीही एकटं उतरायचं नाही. प्रत्येकाला एक जोडीदार. प्रत्येकाच्या छातीवर एक जास्तीची, पिवळी नळी लटकलेली असते, ती जोडीदारासाठी. आपली हवा संपली तर आडवा हात गळ्यावरून फिरवायचा. ही खूण दिसली की जोडीदाराने क्षणभरही न थांबता आपली पिवळी नळी पुढे करायची. कोच म्हणाली, एवढी एक गोष्ट आली नाही तर बाकी सगळं येऊन उपयोग नाही.

तिसऱ्या खेपेला त्यांनी हे करून पाहिलं. हौदाच्या खोल टोकाशी दोघं समोरासमोर गुडघ्यांवर बसले होते. काटेबाईंनी गळ्यावरून हात फिरवला, तोंडातला माउथपीस काढला आणि वाट पाहिली. समोर कवळीवाले तसेच बसून, दोन्ही हात तोंडाशी. पाणचष्म्याच्या काचेमागचे डोळे मोठे झालेले. मग बाजूने कोचचा हात आला, तिची पिवळी नळी काटेबाईंच्या तोंडात गेली, आणि झालं. वर आल्यावर कवळीवाले पाणी निथळत म्हणाले, "काच धुरकटली गं. काही दिसलंच नाही."

काटेबाईंनी टॉवेल दिला आणि विषय संपला. त्यांच्या मते संपला.

त्यानंतर मात्र कवळीवाल्यांचं काहीतरी बिनसलं. आधी नकाशाची घडी झाली. जेवायला जागा हवी, असं कारण. मग एका सकाळी चहा ओतता ओतता त्यांनी विचारलं, "आपण नुसते किनाऱ्यावर बसून मासे बघितले तर? काचेच्या बुडाची बोट असते म्हणे."

"काचेतून बघायचे तर भिंतीवर आहेत की," काटेबाई म्हणाल्या.

कवळीवाले चहा तसाच टाकून मागच्या खोलीत गेले. दोन-चार दिवस असे गेले आणि मग ते एकदम खुलले. इतके खुलले, की काटेबाईंच्या मनात पाल चुकचुकली. कुरकुर करणारा दुकानदार त्यांना चालत असे. हसून खुर्ची पुढे करणारा दिसला, की त्या आधी त्याच्या खुर्चीखाली बघत.

पुढच्या खेपेला त्या कपडे बदलून बाहेर आल्या तर कवळीवाले आणि कोच भिंतीशी उभे राहून हलक्या आवाजात बोलत होते. काटेबाईंच्या चपलांचा आवाज झाला आणि बोलणं जागच्या जागी थांबलं. कवळीवाले शिट्टीबद्दल काहीतरी बोलू लागले. ती शिट्टी कुठे मिळते, चांगली आहे, वगैरे. आता कवळीवाल्यांना शिट्टी कशाला हवी होती?

मग बेटावरच्या बोटवाल्याचा फोन आला. कवळीवाल्यांचा लागत नव्हता म्हणून त्याने काटेबाईंना लावला.

"मॅडम, बोट तिघांची पक्की ना? साहेब म्हणाले होते, दोघांचे तीन करा."

तिसरं कोण, हे विचारायला काटेबाईंची जीभ शिवशिवली. पण त्या निरीक्षक होत्या. "पक्की," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तुम्ही म्हणाल, नवऱ्याला सरळ विचारायचं ना. विचारायचं काय! निरीक्षक कधी आधी विचारत नाही. विचारलं की दुकानदार सावध होतो, आणि चुंबक जे काट्याखालून नाहीसं होतं ते पुन्हा सापडत नाही. आधी मुद्देमाल हातात घ्यायचा, मग तोंड उघडायचं. या शिस्तीवर काटेबाईंनी भलेभले पकडले होते. घरात हीच शिस्त लावायची पाळी येईल असं मात्र त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

त्यांनी बहिणीला फोन केला. ही चूकच झाली त्यांची.

"ताई," बहीण म्हणाली, "भावोजींना पोहता येतं?"

"जेमतेम."

"बोटीत उलटी होते?"

"चित्रातल्या बोटीतसुद्धा होते."

"आणि असा माणूस आनंदाने समुद्रात निघालाय, तिसऱ्या कुणाला तरी घेऊन. कुठेतरी पाणी मुरतंय, एवढंच मी म्हणेन. बाकी तू शहाणी आहेस."

मुद्देमाल दुसऱ्या दिवशी मिळाला. कवळीवाले तयार दात घेऊन डॉक्टरकडे गेले होते. काटेबाई मागच्या खोलीत शिरल्या. फळीवर त्यांच्या दोघांचे साचे शेजारी शेजारी ठेवलेले होते, नवरा-बायको फोटोला बसल्यासारखे. त्यांच्यामागे, फडक्याखाली, तिसरा साचा होता.

काटेबाईंनी तो उचलून उजेडाकडे धरला. दात लहान, घट्ट आणि तरुण. पुढच्या दोन दातांमध्ये बारीकशी फट. डावीकडचा सुळा किंचित वळलेला. आणि शेजारी, नुकताच घासून ठेवलेला, त्या दातांचा माउथपीस. ही काही कवळी नव्हती, की म्हणावं गिऱ्हाइकाची आहे. गिऱ्हाइकं समुद्राच्या तळाशी जात नाहीत.

त्यांनी तो माउथपीस स्वतःच्या तोंडात धरून पाहिला. एकही दात बसेना. जबड्यात कुणीतरी परकं येऊन राहिल्यासारखं वाटलं. त्यांनी तो काढून धुतला, पुसला आणि फडक्याखाली होता तसा ठेवून दिला. मग ओट्याशी उभ्या राहून त्या रडल्या. थोडंच, पण मनापासून रडल्या, आणि रडताना त्यांना सगळ्यात जास्त राग आला तो त्या नेमक्या बसणाऱ्या माउथपीसचा. हे माप फक्त माझं घेतलंय, असं त्यांना वाटलं होतं.

पण दात कुणाचे?

आता पुढचे काही दिवस काटेबाई ज्या तऱ्हेने वागल्या, ते सांगताना मलाच संकोच होतो. त्यांनी सफरचंदं घेतली, चांगली मोठी, आणि गावातल्या बायकांना चावायला लावली. डॉक्टरांच्या दवाखान्यात चिठ्ठ्या फाडणारी मुलगी त्यांच्या संशयात पहिली होती, कारण कवळीवाले तिथे नेहमी जात. काटेबाई दवाखान्यात जाऊन बसल्या, सफरचंद पुढे केलं, म्हणाल्या, "खाऊन बघ गं, गोड लागतंय का." मुलीने तोंड उघडलं तर दातांना वरपासून खालपर्यंत तारा. ती सुटली.

दुसरी शेजारीण. हसतमुख, नटायची हौस, आणि कवळीवाल्यांना "तुमच्या हातात जादू आहे" असं म्हणणारी. काटेबाईंनी फाटकाशी गाठून सफरचंद पुढे केलं. शेजारणीने दोन्ही हात जोडले.

"ताई, सफरचंद? मला? अहो, माझे वरचे-खालचे सगळे तुमच्याच ह्यांनी केलेत. कापून द्या, खाते."

काटेबाईंनी सफरचंद परत पिशवीत टाकलं. रस्त्यातून जाताना त्या आता माणसांचे चेहरे बघत नव्हत्या, नुसते दात बघत होत्या. बाजारात एका दुकानदाराचा काटा चांगला बोटभर कलला होता, तो त्यांच्या लक्षातही आला नाही, कारण दुकानदाराची सून हसत होती. दुकानदाराने हे पुढे महिनाभर लोकांना सांगितलं.

घरी कवळीवाले प्रेमाने वागत होते. तेच तर. त्यांनी काटेबाईंच्या पट्ट्याची बक्कल दुरुस्त केली, कानात पाणी जाऊ नये म्हणून मऊ टोपी आणली, मळमळीच्या गोळ्या दोघांच्या पिशव्यांत वेगवेगळ्या ठेवल्या. प्रत्येक गोष्टीसरशी काटेबाईंचा संशय वाढत होता. मनात काही नसतं तर इतकी सारवासारव कशाला? एकदा कवळीवाले म्हणाले, "खाली गेल्यावर तू कासव बघ. माझ्याकडे बघत बसू नकोस." वाक्य साधं होतं. काटेबाई ते रात्रंदिवस उलटंपालटं करून बघत राहिल्या.

निघायच्या आधीची शेवटची शिकवणी झाली. कवळीवाले अजून कपडे बदलत होते. हौदाच्या कडेला बाकावर कोच एकटी बसून नळ्या पुसत होती. काटेबाई तिच्या शेजारी बसल्या. खरं तर हिच्यावर त्यांचा संशय सगळ्यात आधी जायला हवा होता. भिंतीशी ती कुजबूज त्यांनी स्वतः पाहिली होती. पण ही बाई कधी हसत नव्हती, आणि न हसणाऱ्या बाईवर कुणी भाळेल हे काटेबाईंच्या हिशेबात बसत नव्हतं. शिवाय हसली नाही त्यामुळे तिचे दातही कधी दिसले नव्हते.

त्यांनी पिशवीतून सफरचंद काढलं.

"भूक लागली असेल तुला."

कोचने सफरचंद घेतलं, पॅंटला पुसलं आणि करकरून चावा घेतला. काटेबाईंनी तिच्या हाताकडे पाहिलं. पांढऱ्या गरात मधोमध एक बारीक कणा उरला होता, दोन दातांमधल्या फटीएवढा. डावीकडे वळलेल्या सुळ्याची खूण.

तेच दात. काटेबाईंना ओरडावंसं वाटलं. पण त्यांनी शिस्त सोडली नाही. फडक्याखालून उचलून, पिशवीत रुमालात गुंडाळून आणलेला माउथपीस त्यांनी काढला आणि बाकावर, दोघींच्या मध्ये ठेवला.

"हा तुझा," त्या म्हणाल्या.

कोचने बघितलं. तिच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. "झाला का? वा. ते म्हणाले होते शेवटी-शेवटी देतो म्हणून." तिने तो उचलून तोंडात धरला, एकदा चावून पाहिला आणि काढला. "छान बसतोय. मी पैसे घेईना तर म्हणाले, मग हा तरी घे."

काटेबाईंनी इतक्या दुकानदारांना रंगेहाथ पकडलं होतं. कुणी रडायचं, कुणी शिव्या द्यायचं, कुणी गुरकावायचं. "छान बसतोय" असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं.

"पैसे कशाचे?"

कोचने सफरचंद खाली ठेवलं. कवळीवाले ओले केस पुसत बाहेर येत होते. बाकावरचा माउथपीस त्यांना दिसला आणि टॉवेल हातातच राहिला.

"तुम्ही यांना अजून सांगितलं नाहीत?" कोच त्यांना म्हणाली. "मी बजावलं होतं, निघायच्या आधी सांगा म्हणून."

"काय सांगायचं?" काटेबाई उठून उभ्या राहिल्या. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. हौदाच्या पलीकडून कुणीतरी वळून बघितलं. "बोट तिघांची का? साचा फडक्याखाली का? मी कासव बघायचं आणि तुम्ही काय बघणार?"

कवळीवाले बाकाच्या टोकाशी बसले. गुडघ्यांवर हात ठेवून ते फरशीकडे बघत राहिले.

"त्या दिवशी माझी काच धुरकटली नव्हती," ते म्हणाले.

काटेबाईंना काही कळलं नाही.

"त्या दिवशी. तू गळ्यावरून हात फिरवलास. मला लख्ख दिसलं गं. तू तोंडातला काढलास, तुझे ओठ मिटलेले, तू माझ्याकडे बघत होतीस, सगळं दिसलं. आणि माझा हात उठेना. उठला तो माझ्याच तोंडाकडे. मी माझाच माउथपीस दोन्ही हातांनी दाबून धरला. तुझ्यासाठीची नळी छातीवर लटकत होती, तरी मी माझाच धरून बसलो." त्यांनी टॉवेलची घडी घातली आणि पुन्हा उलगडली. "अर्ध्या मिनिटात वर येता येतं त्या हौदातून. कुणी मरणार नव्हतं. तरी मला वाटलं, ही आता माझी हवा घेईल. तुझ्याबद्दल वाटलं मला हे."

कोच हौदाकडे बघत होती. तिने ते पाहिलं होतं, हे उघड होतं.

"तुला जाऊ नको म्हणायचं माझ्या जिवावर आलं," कवळीवाले म्हणाले. "इतक्या वर्षांत तू एक गोष्ट मागितलीस. म्हणून मी हिला विचारलं, आमच्याबरोबर येशील का. तुझी जोडीदार ती. मी आपला बाजूला राहीन. तुला काही झालं तर तुझ्याजवळ असं माणूस हवं, ज्याचा हात उठतो."

दुसरी बाई असती तर काटेबाईंना काय करायचं ते ठाऊक होतं. बहिणीशी बोलून त्यांनी तेही ठरवून ठेवलं होतं. पण हे? छत्री देऊन भिजत येणारा माणूस, ज्याचा काटा त्यांनी एकदाही उलटा करून पाहिला नव्हता, तो स्वतःच काटा उलटा धरून दाखवत होता, आणि खाली चुंबक होतं. त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्याहून वाईट वाटलं. बाई असती तर घालवून देता आली असती.

त्या म्हणाल्या, "पुन्हा करायचं."

"काय?"

"तेच. आत्ता. एकदा काटा चुकला म्हणून कुणी तो भंगारात टाकत नाही. पुन्हा तपासतात." त्यांनी टोपी घातली. "उठा, अहो."

कोच उठली. तिने तिघांच्या टाक्या भरून आहेत ना ते पाहिलं आणि आधी स्वतः पाण्यात उतरली.

हौदाच्या तळाशी तेच दोघं, त्याच जागी, गुडघ्यांवर. कोच बाजूला, हातभर लांब. काटेबाईंनी नवऱ्याच्या डोळ्यांत बघितलं आणि गळ्यावरून हात फिरवला. माउथपीस काढला.

कवळीवाल्यांचा हात उठला. वर गेला, त्यांच्या स्वतःच्या तोंडाकडे. मग त्या हाताने तोंडातला माउथपीस उपटून काढला आणि काटेबाईंच्या ओठांवर आदळला. पिवळी नळी छातीवर तशीच लटकत होती. तिची त्यांना आठवणच राहिली नव्हती. त्यांनी आपल्या तोंडातली हवा दिली होती आणि स्वतः गाल फुगवून, डोळे वटारून बसले होते. काटेबाईंनी श्वास घेतला. माउथपीस त्यांच्या नवऱ्याच्या दातांचा होता, त्यामुळे एकही दात धड बसेना, पण हवा येत होती. कोचने कवळीवाल्यांच्या तोंडात आपली पिवळी नळी कोंबली आणि अंगठा वर केला, म्हणजे वर चला.

वर आल्यावर कवळीवाले खोकत खोकत हसत होते. "दिली," ते म्हणत होते, "दिली की नाही?"

"पद्धत साफ चुकली," कोच म्हणाली. "पण दिली." आणि तिच्या पुढच्या दोन दातांमधली फट पहिल्यांदाच दिसली. "आता उलट करा. तुमची पाळी राहिलीये, बाई. त्या दिवशी झालीच नव्हती."

काटेबाई आनंदाने खाली गेल्या. मनावरचं ओझं उतरलं होतं. त्यांना वाटलं, आता आपण दाखवू.

कवळीवाले समोर बसले. त्यांनी गळ्यावरून हात फिरवला, माउथपीस काढला, आणि वाट पाहू लागले. त्यांच्या ओठांतून दोन-चार बुडबुडे निघून वर गेले.

आणि काटेबाईंची नजर खाली गेली. नवऱ्याच्या कंबरेशी हवेचं मीटर लोंबत होतं, तिकडे. कुणी सांगितलं नव्हतं. नजर सवयीने गेली, जशी प्रत्येक दुकानात जाते. मीटर भरलेलं होतं. हवा होती यांच्याजवळ, भरपूर होती. खूण खोटी होती. शिकवणी आहे, खोटीच असणार, हे त्यांना ठाऊक होतं, तरी डोक्यात आधी तेच आलं. मग त्यांनी नजर वर केली. काचेमागून कवळीवाले त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी बायकोला मीटर वाचताना पाहिलं होतं. ते रागावलेले नव्हते. नुसते वाट बघत होते.

काटेबाईंनी घाईने पिवळी नळी पकडली, पण तोवर बाजूने कोचचा हात आला होता.

सगळे वर आले. कडेला धरून तिघं तरंगत होते.

"त्यांच्या मीटरकडे का बघितलंत?" कोचने विचारलं. रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून.

काटेबाईंना उत्तर माहीत होतं. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याचा हात भीतीने अडला होता. भीती आज निघाली, उद्या आणखी निघेल. आपला कशाने अडला? समोरचा माणूस बुडत असताना, तो खरंच बुडतोय का हे आपण आधी तपासून घेतलं. तीस वर्षं असंच केलं असेल का आपण, आणि हे नुसते वाट बघत राहिले असतील?

"जाऊ दे गं," कवळीवाले म्हणाले. त्यांनी आपली टोपी काढून पिळली. "होतं असं. माझंही झालं होतं ना? आपण दोघंच जाऊ. आता मला येतंय. त्या बोटवाल्याला फोन करून सांगतो, तिघांची नको."

"नको," काटेबाई म्हणाल्या.

"अगं, मी दिली की. तू बघितलंस."

"बघितलं." त्यांनी पाण्याखाली नवऱ्याचा हात शोधला आणि घट्ट धरला. "तिघांचीच राहू दे. हिला तुमची जोडीदार करा."